बेतानं वाढ

आमच्या लाँड्रीत तिला सगळे कडकमावशी म्हणतात. म्हणजे तोंडावर मावशी आणि पाठीमागे नुसतंच कडक. हे नाव तिनं कमावलेलं आहे. तिची इस्त्री कडक, तिचा चहा कडक, आणि स्वभावाचं तर बोलायलाच नको. मुकादम नवीन होता तेव्हा एकदा तिला म्हणाला, "मावशी, हात जरा भरभर चालवा." तिनं इस्त्री उभी करून ठेवली, त्याच्या कॉलरकडे पाहिलं आणि विचारलं, "ही कुणी केली? काढून दे इकडे. असा बाहेर फिरलास तर लाँड्रीचं नाव जाईल." बिचारा बनियनवर उभा राहिला. तेव्हापासून तो तिच्या टेबलाला वळसा घालून जातो.

मी घडीच्या टेबलावर असते, बरोबर तिच्या समोर. ती इस्त्री करून सरकवते, मी घडी घालते. आमचं पटतं असं कुणी म्हणणार नाही. ती मला तोंडाळ म्हणते, मी तिला हट्टी म्हणते, आणि दोघींचंही खरं आहे. पण समोरासमोर उभं राहून वर्षानुवर्षं काम केलं की माणूस न बोलताही कळायला लागतं. ती चादर कशी झटकते त्यावरून मला तिचा दिवस कसा आहे ते समजतं.

आमच्याकडे हॉटेलांचे टेबलक्लॉथ येतात, वेटरांचे कोट येतात, दवाखान्यांच्या चादरी येतात. एका टोकाला धुण्याची यंत्रं घुमत असतात, मधे वाफेचा रोलर, मग इस्त्रीची टेबलं, मग मी. मागच्या भिंतीला खळीचं टाकं आहे. खळ म्हणजे स्टार्च. पांढऱ्या पुडीची पोती येतात, ती पूड पाण्यात कालवून शिजवायची आणि कॉलरी, टेबलक्लॉथ त्यातून काढायचे. त्या टाक्यावर मावशीची भाची होती. तिला सगळे बोचकं म्हणत.

बोचकं हे नाव पडलं कारण ती लहानपणी या लाँड्रीतच वाढली. मावशी तिला चादरीत गुंडाळून आणायची आणि धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यांमधे ठेवायची. एकदा कुणीतरी चुकून तिला गाठोडं समजून उचललं आणि तिनं भोकाड पसरलं. नाव कायमचं चिकटलं.

तिची आई म्हणजे मावशीची थोरली बहीण. ती बोचक्याच्या जन्माच्या वेळीच गेली. घरात याची एक ठरलेली गोष्ट होती आणि ती सगळ्यांना पाठ होती. पोर पोटात फार मोठं झालं होतं, बाईला झेपलं नाही, त्यात ती गेली. मावशी तेव्हा शाळकरी वयाची, घरातलं शेंडेफळ. मावशीची आई थकलेली होती म्हणून पोर मावशीच्याच अंगावर पडलं, आणि शाळा सोडून ती लाँड्रीत लागली. पुढे लग्नाचं कुणी विचारलं की ती म्हणायची, "माझ्या पदरात आहे तेवढं पुरे." आणि विषय तिथंच संपायचा.

बोचकं स्वतःसुद्धा ती गोष्ट सांगायची, आणि हसत सांगायची. "मी जन्माला येतानाच आईला जड झाले." नवीन बाई कामाला लागली की तिला हे ऐकायला मिळायचंच. मला त्या हसण्याचा राग यायचा. आपण आईच्या जिवावर उठून जगात आलो असं कुणी हसत सांगतं का? पण लहानपणापासून तिच्या कानावर तेच पडलेलं. रडून सांगितलं असतं तर रोजच रडावं लागलं असतं.

बोचक्याला दिवस गेले तेव्हा तिनं पहिल्यांदा मला सांगितलं, मग नवऱ्याला आणि शेवटी मावशीला. नवरा आमच्याच लाँड्रीची व्हॅन चालवतो. गरीब स्वभावाचा, मावशीसमोर हूं की चूं न करणारा. त्याला इतका आनंद झाला की तो दवाखान्याच्या चादरी हॉटेलात टाकून आला. मावशीनं मात्र बातमी ऐकली आणि पुन्हा इस्त्री करायला वळली. थोड्या वेळानं मला करपल्याचा वास आला. तिच्या हाताखाली एका पांढऱ्या टेबलक्लॉथवर इस्त्रीचा तपकिरी डाग उमटला होता. तिच्या हातून कापड जळालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता गरोदर बाई दिसली की ज्याला त्याला जीभ फुटते. रोलरवाली म्हणाली दोघांचं खा. यंत्रावरची म्हणाली आंबट खाऊ नको. मुकादम, ज्याला स्वतःचा डबा कुठं ठेवला ते आठवत नाही, तो म्हणाला दूध पी. मीही काही कमी नव्हते. मावशी कुणाशीच वाद घालत बसली नाही. तिनं फक्त जेवणाच्या सुट्टीत पिशवीतून चहाची एक बशी काढली आणि त्या दिवसापासून बोचक्याचं जेवण त्या बशीत वाढायला लागली.

"अगं, एवढ्याशा बशीत काय होणार तिचं?" मी म्हटलं.

"बेतानं खायचं," मावशी म्हणाली. "मुलाला काय वाढवायचं ते बाहेर आल्यावर वाढवू. आत वाढवायचं नाही."

आपल्या भाषेत ताटात जेवण वाढतात आणि पोटात मूल वाढतं. मावशीच्या डोक्यात ही दोन्ही वाढणी एक होऊन बसली होती. बशीतला भात थोडा जास्त झाला की ती चमच्यानं परत काढून घ्यायची, आणि तो काढताना तिचा चेहरा असा व्हायचा की मला तिच्यावर धड रागावताही येईना. कंजूषपणा नव्हता तो. ती घाबरलेली होती. घरी जावयालाही तिनं बजावून ठेवलं होतं, "बेतानं वाढ तिला. लाड करायला जाशील आणि जन्माचा रडत बसशील." तो बापडा मान डोलवायचा.

मी एकदा जरा जोर लावून बोलले. म्हटलं, "मावशी, उपाशी बाई मूल कशाच्या जोरावर काढणार?"

ती इस्त्री थांबवून माझ्याकडे बघत राहिली. "तू माझ्या बहिणीला पाहिलंस का?"

"नाही."

"मी पाहिलंय."

 मी पुढची चादर ओढून घडी घालायला लागले.

बोचक्याला समजवावं म्हटलं तर ती मावशीच्याही पुढे. "काकू, मलाच नको मोठं बाळ," ती म्हणाली. "माझ्यामुळे एक बाई गेली, तेवढं बस झालं." आणि पुन्हा तेच हसणं. पोटात कावळे कोकलत असतानाही ती बशी निमूटपणे संपवायची आणि बोटानं पुसून घ्यायची.

मग एके दिवशी मला तिच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी दिसलं. मला वाटलं पूड उडाली असेल. दुसऱ्या दिवशीही दिसलं. मी टाक्यामागे गेले तर ही पोत्याच्या तोंडाशी उकिडवी बसून खळीची कोरडी पूड चिमटीनं तोंडात टाकत होती. मला पाहून दचकली.

"हे काय खातेस गं?"

"वास आला की राहवत नाही काकू. आधी नुसतं चाखत होते." ती ओशाळली होती. "मावशीला सांगू नका."

रोलरवालीनं हे ऐकलं आणि लाँड्रीभर केलं. फक्त मावशीच्या कानावर तेवढं कुणी घातलं नाही. बायका हसल्या. "खळवालीला खळीचेच डोहाळे लागणार," असं म्हणून त्यांनी तिला चिडवलं. आमच्यात हे कुणाला नवलाचं वाटलं नाही, कारण टाक्यावर काम केलेल्या दोन-तीन बायकांनी आपापल्या गरोदरपणात हेच केलं होतं. आम्हाला वाटायचं, रोज वास नाकात जातो म्हणून खावंसं वाटतं, त्यात काय एवढं. चुन्याच्या भट्टीवर असती तर चुना खाल्ला असता.

पण मला आतून बरं वाटत नव्हतं. महिने सरत गेले तसा बोचक्याचा चेहरा उतरायला लागला. वेटरांचे पांढरे कोट हातात घेऊन उभी राहिली की कोट कुठे संपला आणि तोंड कुठे सुरू झालं ते कळेना. जिना चढून आली की कठड्याला धरून उभी राहायची. बोलताना मधेच श्वास घ्यायची. लाल गोळ्या ती घेत होती, दवाखान्यातून दिलेल्या, एकही न चुकवता. त्या घेतल्या की तिला मळमळायचं, म्हणून मावशी आपल्या कडक चहाबरोबर द्यायची. मावशी म्हणायची, "गोळ्या चालू आहेत, काळजीचं कारण नाही." हे ती मला सांगत होती की स्वतःला, देव जाणे.

आणि मग ती पडली. टाक्यातून टेबलक्लॉथ काढता काढता तिचे गुडघे वाकले आणि ती भिंतीला घासत खाली बसली. ओठ पांढरे फटक. मावशी इस्त्री तशीच टाकून धावली. माझ्या आधी पोचली. वयाच्या मानानं ती बाई काय पळाली. आम्ही तिला व्हॅनमधे चादरींच्या गाठोड्यांवर आडवी केली. जावई गाडी चालवत होता आणि हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

दवाखान्यातल्या नर्सबाईंना सर्दी झाली होती. त्या सारखं नाक पुसत होत्या आणि त्यामुळे आधीच वैतागलेल्या होत्या. त्यांनी बोचक्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, बोटातून रक्त घेतलं. मग मावशीकडे वळल्या.

"आजी, ही जेवते का नीट?"

मावशीला आयुष्यात कुणी आजी म्हटलं नव्हतं. एरवी तिनं काय केलं असतं ते मला माहीत आहे. पण ती इतकंच म्हणाली, "बेतानं जेवते."

"बेतानं म्हणजे?"

मी बशीचा आकार हातानं दाखवला. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि तोंडातला शब्द गिळला. "गोळ्या घेते?"

"एक चुकवलेली नाही," मावशी लगेच म्हणाली.

"कशाबरोबर?"

"चहाबरोबर."

"चहाबरोबर घेतल्यावर गोळीतलं लोह अंगी फार कमी लागतं. चहा वेगळा, तास-दोन तास सोडून. गोळी लिंबूपाण्याबरोबर." त्यांनी पुन्हा नाक पुसलं. मग बोचक्याला विचारलं, "खडू, माती, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का?"

बोचकं जमिनीकडे बघत बसली.  मला राहवलं नाही.

"खळ खाते," मी म्हटलं. "कोरडी."

मला वाटलं मावशी आता तिच्या थोबाडीत देते की माझ्या. पण तिनं टेबलाची कड धरली. "मूठ भरून?" तिनं बोचक्याला हळूच विचारलं. "वास आला की राहवत नाही, तशी?"

बोचक्यानं मान हलवली.

"हिची आई पण खायची," मावशी म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "ती पण खळीवरच होती. आम्ही हसायचो तिला."

"अंगात रक्त कमी झालं की असलं खावंसं वाटतं पुष्कळ बायकांना," नर्सबाई म्हणाल्या. "आणि त्यानं पोट भरतं, म्हणून जेवण आणखी कमी होतं. तिलाही रक्त कमी असेल."

"ती मूल मोठं होतं म्हणून गेली."

"असेल. मी तिला पाहिलेलं नाही." नर्सबाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "हिला बघतेय. बाळंतपणात रक्त प्रत्येकीचंच जातं. अंगात भरपूर असेल तर ती सोसते. हिच्या अंगात आत्ता जायला रक्त नाही. आणि आईला उपाशी ठेवून बाळंतपण सोपं होत नाही, आईचा दम तेवढा संपतो. तिला पोटभर वाढा. डाळ, अंडी, पालेभाज्या, जे मिळेल ते. शिरेतून लोह द्यावं लागेल, आणि बाळंतपण मोठ्या दवाखान्यात, रक्ताची पिशवी तयार ठेवून. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही."

उशीर झालाय एवढंच मावशीनं ऐकलं असावं. परत येताना ती व्हॅनमधे बोटांवर दिवस मोजत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बशी नव्हती. मोठं ताट होतं. भात, डाळ, दोन अंडी, पालेभाजी, वर लिंबाची फोड. बोचक्यानं ताटाकडे पाहिलं आणि मग मावशीकडे. "एवढं?"

"खा," मावशी म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल की तिला पटलं आणि सगळं सुरळीत झालं. छे. तिला अजिबात पटलं नव्हतं. इतकी वर्षं मनात रुतून बसलेली भीती एका सर्दी झालेल्या नर्सच्या सांगण्यावरून जाते होय? बोचकं घास घ्यायची आणि मावशी तो गळ्याखाली उतरेपर्यंत बघत बसायची. प्रत्येक घासाला ती मनातून दचकत होती. आपण या पोरीला जगवतोय की मारतोय, हे तिला कळत नव्हतं, आणि तरी ती वाढत होती. तिला मी पुष्कळ वर्षं ओळखते, पण तिच्यातलं हे धाडस मला तेव्हा दिसलं.

बाकी सगळं तिनं आपल्या पद्धतीनं कडक केलं. खळीच्या टाक्यावर ती स्वतः गेली आणि बोचक्याला माझ्या टेबलाशी खुर्चीवर बसवलं, हातरुमालांच्या घड्या घालायला. पुडीची पोती कुलपात गेली आणि किल्ली तिच्या गळ्यात. चहावर तर तिनं दातच धरला. जेवणानंतरचा चहा तिनं सगळ्या लाँड्रीचाच बंद केला, कारण समोर चहा दिसला की बोचक्याला प्यावासा वाटणार. रोलरवाली कुरकुरली, "आमच्या पोटात काय बाळ आहे?" मावशी म्हणाली, "नाही ना? मग तुला काय घाई आहे." मुकादम बिचारा कोपऱ्यावर जाऊन चोरून प्यायला लागला.

शिरेतून लोह देण्यासाठी बोचक्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागायचं. बाटलीतून काळपट तपकिरी पाणी थेंब थेंब तिच्या हातात उतरायचं आणि मावशी शेजारच्या स्टुलावर ताठ बसून त्या थेंबांकडे पाहायची. सुरुवातीला बोचकं खळीसाठी कासावीस व्हायची. माझ्याकडे येऊन म्हणायची, "काकू, एक चिमूट." मी तिला शेंगदाणे द्यायचे आणि दोन शिव्या. हळूहळू तिचं मागणं कमी झालं. मग एकदा खळ शिजत असताना ती टाक्याजवळून गेली आणि नाक मुरडून म्हणाली, "कसला घाण वास येतोय." मी मावशीकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं, पण पाठ फिरवून खळ ढवळत राहिली.

बोचक्याच्या गालांना रंग आला की मावशीला जरा बरं वाटायचं, आणि पोट वाढलेलं दिसलं की ती धास्तावायची, आणि दोन्ही एकाच ताटानं होत होतं. या कात्रीत ती स्वतः वाळत चालली. तिचा डबा न उघडताच घरी परत जायचा. मला रोज बाजूला घेऊन विचारायची, "पोट फार मोठं दिसतंय का?" मी म्हणायचे, "दिवस भरलेल्या बाईचं पोट कसं दिसणार, सपाट?" तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं नाही.

एकदा संध्याकाळी आम्ही दोघी इस्त्र्या गार व्हायची वाट पाहत बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "माझं चुकत असलं तर?"

"कशात?"

"वाढण्यात."

"नर्सनं सांगितलंय ना. त्यांचं रोजचं काम आहे ते."

"त्यांच्याकडे रोज बायका येतात," मावशी म्हणाली. "माझी एकच आहे."

  मी तिच्या हातातली इस्त्री घेऊन फळीवर ठेवली.

कळा सकाळी सुरू झाल्या. जावयानं व्हॅन मोठ्या दवाखान्यात आणली आणि बोचक्याला आत नेलं. या दवाखान्याच्या चादरी आम्हीच धुतो. बाकावर घातलेल्या चादरीच्या कोपऱ्यातली आमची खूण मावशीनं बसता बसता पाहिली आणि हातानं सुरकुती सपाट केली. मग ती पुन्हा पुन्हा तीच सुरकुती सपाट करत राहिली. जावई उभा राहायचा, बसायचा, पाणी प्यायचा. मी त्याला दोनदा ओरडले, दुसऱ्यांदा उगाचच. आतून मूल रडल्याचा आवाज आला तेव्हा त्यानं माझा हात घट्ट धरला. मुलगा झाला, असं कुणीतरी दारातून सांगून गेलं आणि दार पुन्हा बंद झालं.

ते लवकर उघडायला हवं होतं. उघडलं नाही. एक बाई आत पळत गेली. मग एक मदतनीस चादरींची ढकलगाडी घेऊन बाहेर आली, आणि मावशीची नजर गाडीवर गेली. बाळंतपणाच्या खोलीतल्या चादरी तिनं आयुष्यभर हाताळल्या आहेत. किती म्हणजे नेहमीचं आणि किती म्हणजे जास्त, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

"जास्त आहे," ती म्हणाली.

"काय जास्त?" जावयानं विचारलं.

 मावशीनं दोन्ही हात मांडीखाली घातले. ती काही पुटपुटत होती. मी वाकून ऐकलं. "मी वाढलं," ती म्हणत होती. "मीच वाढलं तिला."

 मी तिला दंडाला धरून बसले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण त्या वेळात मी माझ्या सगळ्या सासरच्या माणसांना मनातल्या मनात माफ करून टाकलं, एवढं सांगते.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "रक्त थोडं जास्त गेलं," त्या म्हणाल्या. "मूल झाल्यावर गर्भाची पिशवी लगेच आवळली नाही. आता थांबलंय. रक्ताची एक बाटली चढवली आहे. ती ठीक आहे, बोलतेय."

मावशी उठून उभी राहिली. "मूल मोठं होतं म्हणून?"

"नाही हो. मूल चांगलं आहे, पण फार मोठं वगैरे काही नाही. त्याचा काही संबंध नाही." त्या जायला निघाल्या आणि थांबल्या. "तिचा सुरुवातीचा रिपोर्ट मी पाहिला आहे. तेवढंच रक्त अंगात घेऊन आली असती, तर आज मी तुमच्याशी हे असं बोलत नसते."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वॉर्डात गेलो. बोचकं उशीला टेकून बसली होती. दमलेली होती, पण ओठांना रंग होता. तिनं मला हसून दाखवलं आणि मावशीला म्हणाली, "घे ना त्याला."

मावशीनं मूल उचललं. एक हात डोक्याखाली, दुसरा कमरेखाली. मग तिनं हात जरा बदलला, पुन्हा बदलला. गाठोडं उचलून आत किती चादरी आहेत ते सांगणारी बाई ती. मूल हातात घेऊन ती उभीच राहिली.

"मावशी," बोचक्यानं विचारलं, "मी याच्याहून किती मोठी होते?"

मावशीनं दुपट्याची कड सारखी केली.

"सांग की. खूप मोठी होते?"

"नाही," मावशी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "तू याच्या निम्मीसुद्धा नव्हतीस. एका हातावर मावलीस. दुसऱ्या हातानं मी दार उघडलं होतं."

बोचकं तिच्याकडे बघत राहिली. "मग सगळे म्हणतात ते?"

"माझी आई म्हणाली मोठी होती. मग मीही म्हणायला लागले. तुझ्या आईचं रक्त थांबत नव्हतं आणि कुणाला काही कळत नव्हतं. काहीतरी कारण लागतं ना माणसाला."

"म्हणजे मी नाही," बोचकं म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते तिनं पुसलंही नाही. "आईला माझ्यामुळे काही झालं नाही."

"नाही गं पोरी. तू नाहीस." मावशीनं मूल छातीशी धरलं होतं आणि ती त्याच्याकडेच बघत होती. "ती उपाशी होती. पोर मोठं होऊ नये म्हणून माझी आई तिला कमी द्यायला सांगायची. आणि तिचं ताट मी वाढायचे."

वॉर्डात पलीकडच्या बाईकडे कुणी भेटायला आलं होतं, त्यांचं बोलणं चालू होतं. मी पाण्याचा तांब्या उगाचच या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवला. बोचक्यानं डोळे पुसले. मग तिनं दोन्ही हातांवर जोर देऊन, दुखत असतानाही, अंग एका बाजूला सरकवलं आणि पलंगावर मावशीला बसायला जागा केली.